एक घरची, एक दारची

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



पूर्वी आपल्याकडे पत्र लिहिण्याची एक ठरलेली रीत होती. वर कोपऱ्यात गाव आणि तारीख, मग मायना, मग 'इकडील सर्व क्षेम असून तुमचे क्षेम कळवावे', त्यानंतर 'पत्रास कारण की', आणि शेवटी मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. एवढ्यातच निळ्या आंतरदेशीय पत्राची निम्मी जागा संपायची. खरी बातमी बहुतेक वेळा असायची ती 'ता. क.'मध्ये. घडीच्या कडेला, बारीक अक्षरांत, जागा मिळेल तिथे लिहिलेली. म्हैस व्याली, मामींचे गुडघे फार दुखतात, परसातल्या आंब्याला यंदा मोहर चांगला आहे. म्हैस, गुडघे आणि मोहर एकाच ओळीत. लिहिणाऱ्याला त्यात काही विचित्र वाटत नसे आणि वाचणाऱ्यालाही नसे.

मला आज त्या 'ता. क.'विषयीच थोडे बोलायचे आहे.

मी साताऱ्यात राहते. वय ७४. घरी आम्ही दोघेच. थोरला मुलगा आणि सूनबाई ठाण्याला, त्यांचा मुलगा, म्हणजे माझा मोठा नातू, दोन वर्षांपूर्वीपर्यंत बेंगळूरूला होता. धाकटी लेक इंग्लंडमध्ये, तिची मुलगी नऊ वर्षांची. आज अशी घरे गावोगाव आहेत, त्यामुळे यात मी काही वेगळे सांगत नाही. रविवारी सगळ्यांचे फोन येतात. आता तर चेहरेही दिसतात. पण ते फोन कसे होत, ते तुम्हाला सांगायला नको. 'कशी आहेस?' 'मजेत.' 'जेवलात का?' 'हो.' 'अजून काय?' 'अजून काही नाही.' मग दोन्हीकडे शांतता. 'अजून काय' हा प्रश्न विचारला की माणसाला असलेलेही आठवेनासे होते.

म्हणून मी एक नियम केला. फोनवर प्रत्येकाने दोन बातम्या सांगायच्या, एक घरची आणि एक दारची. घरची म्हणजे घरातली, कितीही किरकोळ. दारची म्हणजे खिडकीतून, गॅलरीतून, रस्त्यावरून जे दिसले ते. झाड, पाखरू, ढग, काहीही चालेल. सुरुवातीला मुलगा हसला. म्हणाला, "आई, आमच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते." मी म्हटले, "मग त्या खिडकीत काय दिसते ते सांग." पुढच्या रविवारी त्याने सांगितले, की समोरच्या बंद गॅलरीत कबुतराने झाडूच्या चार काड्यांवर अंडी घातली आहेत. आमचे बोलणे त्या दिवशी अर्धा तास चालले.

हा नियम मला सुचला तो आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमुळे. 'कालनिर्णय' १९७३ साली निघाले, आमच्या लग्नानंतर दोन वर्षांनी. तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या खिळ्याला ते आहेच. त्याच्या चौकोनांत मी दूध लिहायची, गॅसचा सिलिंडर कधी लावला ते लिहायची, कामवाल्या मावशींचे खाडे लिहायची. आमचे हे शाळेत शास्त्र शिकवायचे. त्यांची पेन्सिल त्याच चौकोनात शिरायची. 'कोकीळ', 'पांगारा', 'पहिली वळवाची सर'. त्यामुळे एखाद्या चौकोनात असे दिसते : दूध दीड लिटर, धाकटीला ताप, करंज फुटला. मी ही कॅलेंडरे रद्दीत घातली नाहीत. एका पत्र्याच्या ट्रंकेत रचून ठेवली आहेत.

असे करणारे आम्ही काही पहिले नव्हेत. इंग्लंडमध्ये नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम नावाचे एक जमीनदार होते. त्यांनी १७३६ पासून वसंताच्या खुणा टिपायला सुरुवात केली. कोणत्या झाडाला पान कधी फुटले, कोकिळेच्या जातीचा त्यांचा कक्कू कधी ओरडला, बेडूक कधी बोलू लागले. त्यांच्या पश्चात मुलानातवंडांनी ते काम चालू ठेवले, आणि ते १९५८ पर्यंत चालले. दोनशेहून अधिक वर्षे, एकाच घराण्यात. जपानात क्योटोच्या चेरीच्या फुलांच्या नोंदी तर नवव्या शतकापासूनच्या सापडतात. दरबारातल्या रोजनिशीत 'आज फुले पाहण्याचा समारंभ झाला' असे लिहिलेले, त्यावरून आज अभ्यासक हिशेब मांडतात. २०२१ साली तिथला बहर २६ मार्चला ऐन भरात आला, आणि इतका लवकर तो त्या बाराशे वर्षांच्या नोंदींत कधी आला नव्हता. समारंभाची तारीख लिहिणाऱ्याला आपण हवामानाचा इतिहास लिहितो आहोत, हे ठाऊक नव्हते. आमच्या ट्रंकेतल्या कॅलेंडरांतून असा काही सिद्धान्त निघणार नाही. पण वसंत एका दिवशी येत नाही, तो रांगेने येतो, एवढे त्यातून नक्की कळते.

आमच्याकडे ही रांग अशी लागते. थंडी सरता सरता काटेसावर पाने टाकते आणि नुसत्या फांद्यांवर लाल, मांसल फुले येतात. कावळे, मैना, बुलबुल, सगळे तिथे मध प्यायला हजर. मग पांगारा, मग पळस. 'पळसाला पाने तीन' ही म्हण सगळ्यांना पाठ असते, पण फुलायच्या वेळी पळसाला ती तीनही पाने नसतात, नुसता केशरी जाळ असतो. कुसुंबाची गंमत वेगळी. लांबून वाटते, काय फुललाय! जवळ जाऊन पाहावे तर ती फुले नव्हेत, कोवळी लाल पानेच. पिंपळाची पालवी तांबूस, नवी नाणी लावल्यासारखी. करंज सगळ्यांत घाईचा. आठवडाभर उघडाबोडका दिसतो आणि मग चार-सहा दिवसांत असा हिरवागार होतो, की पान पुसून ठेवल्यासारखे चमकते. कडुनिंब फुलला की संध्याकाळी अंगणात मंद गोड वास येतो. ज्या झाडाच्या पानाची चव तोंड वाकडे करायला लावते, त्याच्या फुलाला हा वास. सगळ्यांत शेवटी बहावा, ऐन उन्हाळ्यात पिवळी झुंबरे लावून.

पाखरांचीही रांग असते. तांबट पक्षी आधी. 'टुक्, टुक्, टुक्', दुपारच्या उन्हात भांड्याला ठोके घातल्यासारखा, म्हणून तो तांबट. मग कोकीळ. गातो तो नर, काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी अंगावर ठिपके असलेली तपकिरी, ती 'किक् किक्' करीत कावळ्याच्या घरट्याभोवती घिरट्या घालते, कारण अंडी तिथे घालायची असतात. आपण मात्र गाण्याचे सारे श्रेय कोकिळेला देतो. आमचे हे म्हणतात, "घरात कष्ट एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, ही रीत पाखरांतही आहे."

दारची बातमी नेहमी गोड असते असे मात्र नाही. याच दिवसांत डोंगर पेटतात. वाळलेल्या गवताला कोणी काडी लावतो आणि रात्री अजिंक्यताऱ्याच्या अंगावर आगीची माळ दिसते. सकाळी उतार काळा. गवतात अंडी घालणाऱ्या पाखरांचे त्यात काय होत असेल, ते सांगायला नको. तेही आम्ही चौकोनात लिहितो. 'वणवा.'

आता पंचांगाचे पाहा. पाडवा २०२३ साली २२ मार्चला होता, २०२४ साली ९ एप्रिलला, २०२५ साली ३० मार्चला. चंद्राच्या महिन्यांना अधिक मासाची गाठ मारून सूर्याशी जुळवून घ्यावे लागते, म्हणून सण असे मागेपुढे होतात. आकाशवाणीवर आपण जी भारतीय सौर तारीख ऐकतो, ती राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून सुरू झाली. तिच्यातला चैत्र दरवर्षी २२ मार्चलाच लागतो, लीप वर्षी २१ ला. करंज यांपैकी कोणतेच पंचांग पाहत नाही. त्याचे स्वतःचे आहे, थंडीचे, उन्हाचे आणि जमिनीतल्या ओलीचे. कधी पाडव्याला तो पुरा पालवलेला असतो, कधी अजून पानगळ चालू असते. म्हणूनच ती तारीख लिहावीशी वाटते. ठरलेली असती, तर लिहायचे कशाला?

लेकीच्या गावी वसंताची गोष्ट वेगळी. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथे घड्याळे एक तास पुढे करतात. हिवाळ्यात ते आपल्या साडेपाच तास मागे, नंतर साडेचार तास. त्यामुळे त्या रविवारी आमचा फोन एक तास आधी वाजतो. मी म्हणते, आला यांचा पाडवा. नातीची दारची बातमी फेब्रुवारीतच सुरू होते. बर्फातून वर आलेली इवलीशी पांढरी फुले, मग क्रोकस, मग पिवळे डॅफोडिल. तिने एकदा विचारले, "आजी, पालवी म्हणजे लीफच ना?" मी म्हटले, नव्हे. जमिनीतून येतो तो कोंब. फांदीला फुटतो तो धुमारा. कोवळ्या पानांची मिळून पालवी. आंब्याला येतो तो मोहर, उसाला येतो तो तुरा. तिने हे सगळे शब्द वहीत लिहून घेतले आणि पुढच्या रविवारी सांगितले, "आजी, आमच्या सफरचंदाला मोहर आला." आता सफरचंदाला मोहर म्हणत नाहीत. पण मी तो शब्द दुरुस्त केला नाही. तिच्या तोंडी तो शोभला.

या फोनमध्ये एक अडचण मात्र वाढत चालली आहे. ह्यांना ऐकू कमी येते. कानाच्या डॉक्टरांनी समजावून सांगितले, की वयाबरोबर आधी जातात ते उंच, बारीक आवाज. जाड आवाज बराच काळ टिकतात. त्यामुळे ह्यांना तांबट ऐकू येतो, कोकीळ ऐकू येतो, शेजारच्या वाड्यातले भांडण तर नीटच ऐकू येते. शिंजीर ऐकू येत नाही. चिमणीहून लहान, निळसर जांभळा, वाकड्या चोचीचा तो पक्षी तारेवर बसून गातो. ह्यांना चोच हललेली दिसते आणि आवाज मात्र नाही. आणि नऊ वर्षांच्या पोरीचे बोलणेही बारीक आवाजातले. यंत्र लावले तर फोनमध्ये खरखर येते, म्हणून ते खिशात. नात बोलते, हे तिच्या तोंडाकडे पाहत राहतात, आणि फोन ठेवल्यावर मला विचारतात, "काय म्हणाली?" मग मी घरची आणि दारची, दोन्ही सावकाश, मोठ्याने पुन्हा सांगते. ते कॅलेंडरावर लिहितात.

आता बेंगळूरूच्या नातवाचे सांगते. तो परवानगी देऊन बसला आहे, म्हणून सांगते.

तो संगणकाच्या कंपनीत होता. सकाळी लवकर निघायचा, रात्री उशिरा परतायचा. त्यामुळे त्याची दारची बातमी नेहमी अंधारातली. दिव्याखालची वटवाघळे, पहाटेचे धुके, रात्री झाडाखाली झोपणारी कुत्री. २०२४ च्या मार्चमधली गोष्ट. त्या दिवसांत बेंगळूरूच्या रस्त्यांवर टॅबेबुया फुलतो, गुलाबी कर्ण्यांसारखी फुले, झाडावर पान नाही. त्या रविवारी तो म्हणाला, "घरचं काही विशेष नाही. सगळं ठीक." आणि मग दारचे सांगू लागला. "आजी, समोरच्या टॅबेबुयाखाली सडा पडतो ना, दुपारी अडीचला शाळा सुटली की मुली येऊन फुलं वेचतात. चारच्या सुमारास झाडूवाल्या बाई येतात, तोवर सगळं गुलाबी असतं." छान सांगत होता. मी ऐकून घेतले. फोन ठेवल्यावर कॅलेंडरावर लिहायला गेले आणि हात थांबला. शाळा काही रविवारी सुटत नाही. आणि दुपारी अडीच ते चार हा मुलगा खिडकीत बसलेला आहे, एक दिवस नव्हे, रोज. मागचे दोन चौकोन पाहिले. त्याच्या दोन्ही बातम्या दुपारच्याच होत्या.

मी ह्यांना सांगितले. मला लगेच फोन लावून विचारायचे होते. हे म्हणाले, "विचारू नकोस. बोलावून घे." मग मी फोन केला तो पाडव्यासाठी. म्हटले, ९ एप्रिलला पाडवा आहे, आजोबांना आता गुढीची काठी उचलत नाही, तू ये. तो आला, चार दिवस आधीच. बरोबर दोन मोठ्या बॅगा, आणि एका बॅगेत प्रेशर कुकर. सणाला येणारा माणूस कुकर घेऊन येत नाही. पहिल्या दिवशी मी काही बोलले नाही, पुरणाची डाळ त्याच्याच कुकरमध्ये लावली.

दुसऱ्या रात्री ओट्यावर बसून त्याने सगळे सांगितले. जानेवारीत संगणकावरच एक बैठक झाली, वीस मिनिटांची. त्याच्या गटातल्या सगळ्यांना एकदम निरोप. वडिलांची अँजिओप्लास्टी होऊन तीन महिने झाले होते, म्हणून घरी सांगितले नाही. तीन महिने तो रोज अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीपाशी बसत होता. खोटे बोलला नव्हता. घरची बातमी लपवली होती, दारची मात्र खरी सांगत राहिला.

तिसऱ्या दिवशी त्याने ठाण्याला फोन केला. मी आतच होते. नळ बंद केला, म्हणजे आवाज होऊ नये. बापलेक बराच वेळ बोलले. मुलाचे शेवटचे वाक्य तेवढे ऐकू आले : "अरे, पण जेवतोस ना वेळेवर?" मोठ्या बातमीनंतर माणूस अशा लहान प्रश्नाकडेच येतो.

तो राहिला. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हे वाटत होता, तेव्हा बायकांनी विचारलेच, "नातू हल्ली काय करतो?" मी म्हटले, "आजोबांचा कान झालाय." ते अगदी खरे होते. आमच्या जाईच्या वेलावर त्या वर्षी शिंजिराने घरटे टांगले होते. कोळ्याचे जाळे, वाळकी पाने, सालपटे यांची लोंबती पिशवी, पाहणाऱ्याला वाटावे कचराच अडकलाय. सकाळी आजोबा आणि नातू ओट्यावर बसत. त्याच्या मांडीवर लॅपटॉप, नोकरीचे अर्ज चालू. मध्येच तो म्हणे, "आजोबा, आता गातोय," आणि हे चौकोनात टिंब देत. त्या वर्षीच्या एप्रिल-मेचे पान टिंबांनी भरले आहे. मधूनमधून वेगळ्या शाईत नातवाच्या मुलाखतींच्या तारखा आहेत. त्यांतल्या बऱ्याचशा पुढे खोडलेल्या आहेत.

त्याला नोकरी लागली ती पावसाळ्यात, पुण्यात. पगार पूर्वीपेक्षा कमी. बेंगळूरूची कुणी मैत्रीण होती, ते मात्र जुळून आले नाही. सगळे छान झाले, असे मी म्हणणार नाही. पण महिन्यातून एका शनिवारी एसटीने येतो आणि आल्या आल्या आधी ओट्यावर जाऊन बसतो.

या सगळ्यावर मी पुष्कळ विचार केला. आपण म्हणतो, लहानसहान गोष्टी काय सांगायच्या, काही मोठे घडले तर कळवू. पण मोठे घडते, तेव्हा माणसाला ते कळवता येत नाही. लाज वाटते, भीती वाटते, समोरच्याच्या तब्येतीची काळजी वाटते. अशा वेळी ते किरकोळ बातमीच्या आडून डोकावते. ज्याने आधीच्या किरकोळ बातम्या ऐकून ठेवल्या आहेत, त्यालाच ते दिसते. झाडाचेही असेच. करंजाकडे रोज पाहणाऱ्याला कळते की यंदा एक फांदी पालवलेली नाही. वर्षातून एकदा पाहणाऱ्याला सगळे झाड हिरवेच दिसते.

श्रोतेहो, तुमच्याकडेही रविवारी फोन येत असतील, किंवा तुम्ही करत असाल. एवढेच सुचवते, की 'कसा आहेस' असे विचारू नका. त्याला 'मजेत' हे एकच उत्तर आहे आणि ते सगळ्यांना पाठ आहे. 'तुझ्या खिडकीतून आज काय दिसतंय?' असे विचारा. समोरचा आधी हसेल, मग मान वळवून बाहेर पाहील. आणि मग जे सांगेल, ते शांतपणे ऐकून घ्या आणि तारखेनिशी कुठेतरी लिहून ठेवा.

नमस्कार.